कडेचा उजेड

१

पंचाक्षरी सरांना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती की कॉलेजातून फोन आला तेव्हा त्यांना आधी वाटलं, ग्रंथालयाचं एखादं पुस्तक आपल्याकडे राहून गेलं असणार.

"सर, लगेच या," पलीकडून डॉ. जालिंदर म्हणाले. "आपल्या टाकीत कुणीतरी चोरून काहीतरी सोडतंय."

"मी येऊन काय करू? मला आता त्यातलं काय कळणार?"

"सोमवारी चौकशी समिती येतेय. तिला काही कळो न कळो, एका मुलीचं शिक्षण मात्र संपेल. त्याआधी कुणीतरी शांतपणे विचारपूस करायला हवी. मी केली तर आरडाओरडा होतो."

हे खरं होतं. जालिंदर विद्यार्थी असतानाही वर्गात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच असे. आता ते कॉलेजच्या कुंभारीच्या रस्त्यावरच्या संशोधन केंद्राचे प्रमुख होते. सरांनी कपाळाला विभूती लावली, छत्री घेतली आणि भर उन्हात निघाले.

केंद्रातली टाकी दिसायला लग्नातल्या भाताच्या पातेल्याएवढी. आत झेनॉन, कडाक्याच्या थंडीत ठेवून पाण्यासारखा पातळ केलेला वायू. एखादा सूक्ष्म कण त्यात शिरला की काजवा चमकावा तसा उजेड लुकलुकतो. तो टिपायचा आणि मोजायचा, एवढंच तिथलं काम. पण यंत्र बरोबर मोजतंय का, हे आधी तपासावं लागतं, तराजूत ओळखीचं वजन टाकून बघतात तसं. झेनॉन दाट असतो. बाहेरून किरण सोडले तर बहुतेक कडेलाच अडतात, मध्यापर्यंत फारसे पोचत नाहीत. म्हणून वजन आतच टाकायचं. एका कुपीतून क्रिप्टॉन हा किरणोत्सारी वायू सोडायचा. चहात साखर विरघळावी तसा तो सगळीकडे सारखा विरघळतो आणि काही तासांत आपोआप निवून जातो. मागमूस राहत नाही.

"मागमूस राहत नाही हीच पंचाईत," जालिंदर म्हणाले. भिंतीवरच्या स्क्रीनवर उभे खांब होते. दिवसपाळीचा एक, रात्रपाळीचा एक. दिवसाचे सगळे बुटके. रात्रपाळी संध्याकाळी सुरू व्हायची, आणि गेला आठवडाभर तिचे खांब उंच होते. पहिला सगळ्यांत उंच, पुढचे उतरत गेलेले.

"कुपी वापरायची परवानगी अजून आलेली नाही. तरी कुणीतरी रोज संध्याकाळी तिचा व्हॉल्व्ह उघडतंय. भीत भीत, रोज थोडं कमी. त्या व्हॉल्व्हच्या कुलपाच्या किल्ल्या दोनच आहेत. एक इथल्या संशोधिकेची, सोनालीची, ती हैदराबादला प्रशिक्षणाला गेलीय. दुसरी हिची."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बुद्धप्रिया बसली होती. पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. मांडीवर हात, नजर खाली.

"प्रबंधासाठी आकडे कमी पडत होते ना तुला?" जालिंदरांनी विचारलं.

"पडत होते. पण व्हॉल्व्ह मी उघडला नाही, सर."

"मग संध्याकाळी हॉलमध्ये कोण असतं?"

तिनं पंचाक्षरी सरांकडे पाहिलं. ओळख नसलेल्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं, पण जरा आशेनं.

"ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. "काढायचं तर मला काढा."

२

टाकीच्या हॉलमध्ये पंपांची घरघर होती. अभियंता नंदीश सरांना फिरवून दाखवत होता. चटपटीत पोरगा; उत्तर आधी, प्रश्न नंतर.

"बाहेरून काही येईल ही शंकाच काढून टाका, सर. चारी बाजूंनी शिशाच्या विटा आहेत. किरण सोडा, मुंगी शिरायची नाही."

"चारी बाजूंनी?"

"चारी," नंदीश म्हणाला आणि पंपाकडे बघायला वाकला.

सर टाकीभोवती हळूहळू फिरले. तीन बाजूंना शिशाची करडी भिंत. खिडकीच्या बाजूला मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर लटकत होती.

"ही?"

"धुळीसाठी, सर. आईनं दिली."

चादरीपासून दोन हातांवर एक स्टूल होतं. टाकीकडे पाठ, खिडकीकडे तोंड. सरांना विचारावंसं वाटलं, पण प्रश्न फारच साधा वाटला. तेवढ्यात शिपाई तिप्पण्णा ओलं फडकं घेऊन आला.

"सरका सर, ह्या काचेनं माझा जीव घेतलाय. रोज पुसतो, रोज नवा डाग. पाल न्हाय, चिमणी न्हाय. साहेब म्हंत्यात, तिप्पण्णा तू पुसतच न्हाईस. आता काय काचेशेजारी निजू व्हय?"

"कुठं आहे डाग?"

"ह्यो काय की."

काचेवर एक वाटोळा, धूसर डाग होता. उभ्या माणसाच्या छातीशी येईल इतका खाली. सर स्टुलावर बसले. डाग बरोबर त्यांच्या कपाळासमोर आला.

त्यांनी झटकन मान मागे घेतली.

साथीच्या वर्षी त्यांची पत्नी महानंदा दवाखान्यात होती तेव्हा आत जायची मनाई होती. वॉर्डाच्या दाराला एक काच होती, तेवढीच. सर तिला कपाळ टेकून उभे राहायचे आणि काचेवर विभूतीचा पांढरा डाग उमटायचा. नर्सबाई काही न बोलता तो पुसून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा उमटवायचे. एक दिवस त्या म्हणाल्या, "काका, आता येऊ नका." आणि त्या दिवशी त्यांनी काच पुसली नाही.

"सर?" तिप्पण्णा म्हणाला. "पुसू का?"

सर खिडकीबाहेर बघत होते. मैदान, बाभळी, त्यापलीकडे कर्मचाऱ्यांची घरं. एका अंगणातल्या दोरीवर लहान मुलीचे फ्रॉक वाळत होते.

"ते घर कुणाचं?"

"सोनाली म्याडमचं की," तिप्पण्णा म्हणाला. "त्या तर हैदराबादला हायत."

३

अंगणात सोनालीची सासू नागूबाई ज्वारी निवडत होती.

"कोण हाय?"

"मी पंचाक्षरी. सोनालीला शिकवायला होतो."

"मास्तर व्हय! या की, हितं सावलीत बसा. गोजे, तांब्या आण."

तीन-चार वर्षांची मुलगी तांब्या दोन्ही हातांत धरून आली. निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

"हिचं नाव गोजाबाई. माज्या सासूचं," नागूबाई म्हणाली. "शाळेत बाई हसत्यात. हसू देत."

गोजी सरांसमोर उभी राहिली. "तुमी आईला बघितलं?"

सरांना खोटं बोलता येत नसे आणि खरं अजून ठाऊक नव्हतं. "तू बघतेस का?" त्यांनी विचारलं.

"फोनात," गोजी म्हणाली. "फोनातली आई उचलून घेत न्हाई."

नागूबाईनं सुपातली ज्वारी उगाच चाळवली. "रोज सांजच्याला फोन करती. म्हंती, पोरीला अंगणात न्या, घरात रेंज न्हाय. आता घरात तर चांगली रेंज हाय की! माजी मंद्रूपची भन तासभर बोलती माज्याशी. पर न्हाय. अंगणातच पायजे."

तिनं सरांना ताक दिलं. "बघा, मीठ बेतानं घातलंय. ह्या घरात मिठाचं लई नाटक. सोनालीनं जायच्या आधी पाकिटातलं मीठ बंद केलं. खडेमीठ पायजे. मंद्रूपच्या बाजारातनं आणलं म्या. दूध बंद, अंडं बंद. म्या म्हनलं, बाई, मठात जातीस का काय?"

"का बंद केलं?"

"गळ्याची गाठ काढली न्हवं का मागं, त्याचं पथ्य म्हनली. साधीच गाठ हुती."

सरांच्या हातातलं ताक तसंच राहिलं. पाकिटातल्या मिठात आयोडीन असतं. खड्यांच्या मिठात नसतं.

"तिची प्रयोगशाळेतल्या कुलपाची किल्ली कुठं असते?" त्यांनी विचारलं.

"ती काय, खिळ्याला. जाताना हितंच ठिवून गेली." दारामागच्या खिळ्यावर किल्ली होती. गोजीनं तिला आपली लाल रिबीन बांधली होती आणि रिबिनीला पक्की गाठ मारली होती. ती सुटली नव्हती, सुटण्यासारखी नव्हतीच.

सर उन्हात चालू लागले. सोनालीनं व्हॉल्व्ह उघडला नव्हता, एवढं नक्की. मग उरली एकच किल्ली, बुद्धप्रियाची.

४

"मला खांब नको," सर बुद्धप्रियाला म्हणाले. "पाळीभराचं सगळं एका खांबात कोंबलं की आतलं काही दिसत नाही. एक संध्याकाळ घे आणि मिनिटामिनिटाचं दाखव."

"ते कुणी बघत नाही, सर."

"मी बघतो. मला दुसरं येत नाही."

तिनं बराच वेळ माउसवर नुसता हात ठेवला. मग स्क्रीनवर रेघ उमटली. सपाट चालत आली, एकदम चढली, वर तशीच चालत राहिली आणि मग एकदम कोसळली.

"क्रिप्टॉन असा जातो?"

"नाही." तिचा आवाज बदलला. "तो हळूहळू निवतो. उतार असतो त्याचा. ही तर पायरी आहे."

"कुणीतरी उठून गेल्यासारखी."

तिनं चटकन त्यांच्याकडे पाहिलं.

"आता हा उजेड टाकीत नेमका कुठं पडला, ते दाखव."

तिनं नकाशा काढला. मधोमध तुरळक ठिपके, बाकी मोकळं.

"कडा कुठं आहे?"

"कडा आपण आधीच कापतो, सर. कडेला नेहमीच कचरा असतो. पहिल्या वर्षापासून शिकवतात, कडेचं बघायचं नाही."

"मीच शिकवायचो," सर पुटपुटले. "कापलेलं फेकून देता?"

"ठेवतो. पण उघडत नाही कुणी."

"उघड."

टाकीच्या गोल कडेला, एकाच बाजूला, चंद्रकोरीसारखा दाट उजेड होता. दुसऱ्या बाजूला अंधार. बुद्धप्रिया खुर्चीतून अर्धवट उठली.

"साखर कपाच्या एकाच बाजूला गोड लागेल का?" सरांनी विचारलं.

"म्हणजे आत काही विरघळलंच नाही! व्हॉल्व्ह कुणी उघडलाच नाही..." आणि तिला हुंदका फुटला. "मला वाटलं, मॅडमनीच..." तिनं तोंडावर हात ठेवला.

सरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. ते हॉलमध्ये गेले आणि मोरांची चादर बाजूला केली. चादरीमागे टाकीची नुसती पोलादी भिंत होती. शिसं नव्हतं.

दारात नंदीश उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "पाईप बदलायला विटा काढल्या होत्या, सर. लावणार होतो. दोन माणसं आलीच नाहीत, मग राहिलं. प्रमुखांना सांगितलं तर ते..."

"ओरडले असते."

"हो. म्हणून तोवर चादर."

"शिशाच्या जागी चादर," सर म्हणाले. त्यांना हसू आलं आणि त्याचीच लाज वाटली.

"पण सर, बाहेरून येतंय तरी काय? संध्याकाळी येतं, थोडा वेळ थांबतं, जातं. आणि रोज थोडं दुबळं होतं."

सर स्टुलाकडे बघत राहिले. "आज संध्याकाळी इथं कुणी येऊ नका," ते म्हणाले. "मी एकटा थांबतो."

५

उन्हं कलली. मागच्या दारानं एक बाई आत आली. डोक्यावरून ओढणी, तोंडाला मास्क. ती सरळ स्टुलावर जाऊन बसली आणि ओढणी मागे सारली. गळ्यावर आडवी, बारीक खूण होती.

"सोनाली," सरांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून हाक मारली.

ती दचकून उठली. "सर! जवळ येऊ नका. तिथंच थांबा."

"थांबलोय. तेवढा हिशेब मला अजून येतो."

ती खाली बसली. "बुद्धप्रियानं सांगितलं?"

"तिनं तोंड उघडलं नाही. हिनं सांगितलं." सरांनी टाकीकडे बोट केलं.

"कसं शक्य आहे? शिसं आहे ना मध्ये?"

"चादर वर करून बघ."

तिनं केली. पदार्थविज्ञानाच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तिच्या गळ्यात राहिलेलं आयोडीन, त्यातून निघणारे किरण, उघडी टाकी. चादरीचं टोक अजून तिच्या हातात होतं.

"मी रोज माझीच नोंद करून ठेवत होते," ती म्हणाली. मग एकदम वळली. "बुद्धप्रियाला कुणी काही बोललं?"

"तिला काढायला निघालेत."

"ती मला काहीच म्हणाली नाही! रोज मागचं दार उघडून देते आणि विचारते, मॅडम, जेवलात का."

"तिला वाटलं, व्हॉल्व्ह तू उघडतेस. तुझ्यासाठी गप्प बसली."

सोनालीनं डोळे मिटले. गाठ साधी नव्हती, कॅन्सरची होती, तिनं सांगितलं. पुण्याच्या दवाखान्यात किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला; तो गळ्यात नीट मुरावा म्हणून आधी साध्या आयोडीनचं पथ्य होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, आम्ही सांगेपर्यंत लहान मुलांपासून लांब. कुंभारीत तिनं एकटीसाठी खोली घेतली होती. नवऱ्याला, होटगीला रेल्वेत असलेल्या, सगळं माहीत होतं. सासूला नाही. सासूची थोरली लेक याच रोगानं गेली होती.

"आणि गोजीला कळलं की आई इथंच आहे, तर ती पळत येईल, सर. ती पळत आली तर मला 'लांब हो' म्हणता येणार नाही. मी स्वतःला ओळखते. म्हणून हैदराबाद."

तिनं घड्याळ पाहिलं आणि फोन लावला. सरांनी पाठ फिरवायला हवी होती. ती त्यांना फिरवता आली नाही.

"गोजी? अंगणात ये ना, राणी. हां. थोडी पुढं... बाभळीच्या बाजूला. बास, तिथंच. आज कुठला फ्रॉक घातलास?" तिला दिसत होता, तरी तिनं विचारलं. तिनं कपाळ काचेला टेकवलं. मैदानापलीकडे एक पिवळा ठिपका हातातल्या फोनकडे बघून गोल गोल फिरत होता. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

फोन झाला. होटगीकडून येणाऱ्या गाडीची शिटी लांबून ऐकू आली आणि विरली.

"मीही असाच उभा राहायचो," सर म्हणाले. "महानंदा काचेपलीकडे होती तेव्हा. तिला मी दिसत होतो की नाही, ते मला अजून माहीत नाही."

सोनालीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"तुझं दार उघडणार आहे, बाळ. पण ते उघडेपर्यंत ती पोरगी बाहेर घालवली जाऊ नये."

"मी उद्या येते," सोनाली म्हणाली. "समोरून येते."

६

सकाळी सगळे जमले. सरांचा आवाज नेहमीसारखा खाली होता, त्यामुळे जालिंदरांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"क्रिप्टॉन सोडला असता तर उजेड टाकीभर सारखा पडला असता. तो एका कडेलाच आहे. क्रिप्टॉन हळूहळू निवला असता. हा एका क्षणात थांबतो. आणि कुपीत क्रिप्टॉन सतत नव्यानं तयार होत असतो, तिचा जोर आठवडाभरात इतका कमी होत नाही, हे खांब मात्र निम्म्याहून खाली आले. आठवड्याच्या बेतानं ओसरणारं आणि माणसांच्या अंगात असणारं एकच मला माहीत आहे, थायरॉइडच्या उपचारातलं आयोडीन. मी चुकतही असेन."

"शिसं होतं की!" जालिंदर ओरडले.

"नव्हतं, सर," नंदीश भिंतीकडे बघत म्हणाला. "चादर होती."

जालिंदरांनी तोंड उघडलं, पण दारातून आवाज आला. "मी आत येत नाही. इथूनच बोलते." सोनाली व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. तिनं सगळं सांगितलं, फार थोडक्यात. शेवटी म्हणाली, "बुद्धप्रियाचं नाव यात कुठंही येऊ नये."

जालिंदरांचा मोठा आवाज कुठंतरी हरवला होता. "तू मला सांगायचंस, सोनाली. मी रजा दिली असती की."

"रजा दिली असती, सर," ती म्हणाली. "खिडकी दिली नसती."

मग जालिंदर बुद्धप्रियाजवळ गेले. "चुकलं माझं," ते म्हणाले. तेही मोठ्यानंच म्हणाले, व्हरांड्यात तिप्पण्णालाही ऐकू गेलं.

समितीला शिशाच्या विटांची हकीकत कळवली गेली. नंदीशला जी बोलणी खायची होती ती त्यानं खाल्ली. विटा लगेच लावायच्या होत्या, पण तेव्हा बुद्धप्रियानं भीत भीत विचारलं, "थोडे दिवस थांबलो तर?" आणि कुणीच का म्हणून विचारलं नाही.

त्यानंतर केंद्रात एक वेगळंच काम सुरू झालं. रोज सकाळी एकेक जण काही निमित्तानं स्क्रीनपाशी यायचा. रात्रपाळीचा खांब कालच्यापेक्षा बुटका झालाय का, ते बघायचा आणि जायचा. विश्वातल्या न दिसणाऱ्या कणांची वाट बघायला बांधलेली टाकी एका आईचे उरलेले दिवस मोजत होती. पंचाक्षरी सरांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी तेही यायचे. छत्री दाराशी ठेवायचे आणि म्हणायचे, "सहज आलो होतो."

मग एका दुपारी पुण्याच्या डॉक्टरांचा होकार आला.

त्या संध्याकाळी सगळे स्क्रीनसमोर उभे होते. रेघ सपाट चालत आली. नेहमीची वेळ झाली, टळली. रेघ चढली नाही. सपाट चालत राहिली.

"ती बसलेली नाहीये," जालिंदर म्हणाले. या वेळी मात्र अगदी हळू.

सर एकटेच हॉलमध्ये गेले. स्टूल रिकामं होतं. मैदानापलीकडच्या अंगणात एक पिवळा ठिपका पळत सुटला आणि ओढणीवाल्या बाईवर जाऊन आदळला. दोघी तिथंच मातीत बसल्या. ज्वारीचं सूप उपडं झालं असावं, कारण नागूबाई हात उंचावून काहीतरी ओरडत होती. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं.

सर स्टुलावर बसले आणि त्यांनी कपाळ काचेला टेकवलं. काच उन्हानं अजून कोमट होती. दवाखान्यातली गार असायची.

मागून तिप्पण्णा आला. सोनालीचा डाग उमटायचा तिथंच विभूतीचा पांढरा, ताजा डाग उमटलेला त्यानं पाहिला. एकदा काचेकडे, एकदा सरांकडे बघितलं, आणि हातातलं ओलं फडकं घडी करून खांद्यावर टाकलं.

"ऱ्हाऊ द्या, सर," तो म्हणाला. "उद्या बघू."